आधी कागद, मग डिसमिस

"किती लागतील?"

दुकानात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. साताऱ्यात पंचवीस वर्षं मी कॉम्प्युटर जुळवून देतोय आणि या प्रश्नाचं थेट उत्तर सहसा देत नाही. मी विचारतो, "वापरणार कोण? कशासाठी? आणि घरात ठेवणार कुठे?" काहींना हे आवडत नाही. त्यांना आकडा हवा असतो. पण या तीन प्रश्नांची उत्तरं हातात नसताना सांगितलेला आकडा म्हणजे माप न घेता शिवलेला सदरा. अंगात जातो, पण कुठेतरी काचतो, आणि काचतोय हे वर्षभराने कळतं.

हे पुस्तक त्या तीन प्रश्नांपासून सुरू होतं. घरातला पहिला डेस्कटॉप स्वतः ठरवायचा, सुटे भाग आणायचे आणि आपल्या हाताने जुळवायचा, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी ते लिहिलंय. आमच्याकडे स्क्रू ड्रायव्हरला अजून डिसमिस म्हणतात. डिसमिस हातात घ्यायचं काम या सगळ्यात फार तर दोन-तीन तासांचं. त्याआधीचं कागदावरचं काम दोन-तीन आठवड्यांचं, आणि कॉम्प्युटर चांगला होणार की रडवणार हे तिथेच ठरतं. निम्म्याहून जास्त पानं मी कागदावरच्या कामाला दिली आहेत, ती म्हणूनच.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये कराडजवळच्या एका गावातले शिक्षक मुलीला घेऊन आले होते. मुलगी नुकतीच दहावी झालेली. तिच्या हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर सुबक अक्षरात यादी: मोठं ग्राफिक्स कार्ड, आठ कोरचा प्रोसेसर, लिक्विड कूलर, दिव्यांचे सहा पंखे. सगळ्यात खाली, रेघ ओढून, "बजेट 50,000". यादीतला माल लाखाच्या पुढे जात होता. सर गप्प होते. बाकावर बसवून मी दोघांना चहा मागवला आणि तेच तीन प्रश्न विचारले.

हळूहळू घर उलगडत गेलं. मुलीला आर्किटेक्चरला जायचं होतं. त्यामुळे ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं लागणार होती, पण ती दोन वर्षांनी. तोवर अकरावी-बारावीचा अभ्यास, व्हिडिओ, थोडं प्रोग्रामिंग. सरांना प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आणि निकालपत्रकं बनवायची. आजोबांना संध्याकाळी कीर्तनं ऐकायची. गावात पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाते. कॉम्प्युटर माजघरात, खिडकीपाशी, जुन्या लाकडी टेबलावर ठेवायचा. एवढं कळल्यावर मी कागद उलटा केला, मधोमध उभी रेघ मारली आणि डाव्या बाजूला "आत्ता", उजव्या बाजूला "नंतर" असं लिहिलं. ग्राफिक्स कार्ड "नंतर"मध्ये गेलं. दिवे कुठेच गेले नाहीत. "आत्ता"मध्ये यूपीएस आला, जो तिच्या यादीत नव्हताच. आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र आत्ताच्या गरजेपेक्षा दमदार घेतला, कारण पुढे येणाऱ्या कार्डाचं ओझं त्याच्यावरच पडणार होतं.

मला या पुस्तकात जे सांगायचं आहे ते त्या उभ्या रेघेत आहे. डेस्कटॉप ही घरातल्या फार थोड्या वस्तूंपैकी एक, जी आज अर्धी घेऊन उद्या पुरी करता येते. फ्रिज असा घेता येत नाही. मोबाइल तर नाहीच. लॅपटॉपही आता बहुतेक तसा राहिलेला नाही, कारण पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच झाळून टाकलेली असते. डेस्कटॉपचं दार मात्र दोन स्क्रू काढले की उघडतं. म्हणून त्याची आखणी करताना सगळ्यात महत्त्वाचा विचार हा, की काय आज नसलं तरी चालेल, आणि ते उद्या यावं यासाठी आज कुठे जागा सोडायची.

सुटे भाग एकमेकांत बसतात कसे, हा प्रश्न त्या मुलीनेच मला विचारला. मिक्सरचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही, मग एका कंपनीचा बोर्ड, दुसरीची रॅम आणि तिसरीचं कॅबिनेट यांचं कसं जमतं? प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर 1981 मध्ये सापडतं. त्या वर्षी 12 ऑगस्टला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या एका छोट्या गटाने तो साधारण वर्षभरात तयार केला होता. एवढ्या थोड्या वेळात सगळं घरचं बनवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बाजारात मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा 8088, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आत जादा कार्डं बसवायला पाच स्लॉट ठेवले, आणि सर्किटच्या आकृत्यांसकट तांत्रिक माहितीचं पुस्तकच विक्रीला ठेवलं, म्हणजे बाहेरच्यांनाही त्या स्लॉटमध्ये बसणारी कार्डं करता यावीत.

कुलूप उरलं ते एकाच गोष्टीला. कॉम्प्युटर चालू होताना जो पहिला प्रोग्रॅम जागा होतो, तो बायोस आयबीएमच्या मालकीचा होता. कॉम्पॅक नावाच्या नव्या कंपनीने ते कुलूप कायद्याच्या चौकटीत राहून उघडलं. आयबीएमचा मूळ प्रोग्रॅम कधीच न पाहिलेल्या माणसांकडून तेच काम करणारा नवा बायोस तिने लिहून घेतला, आणि 1983 पासून तिचे कॉम्प्युटर विकले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी फिनिक्स कंपनीने असाच बायोस कुणालाही विकायला काढला. तेव्हापासून पीसी ही एका कंपनीची वस्तू राहिली नाही. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं: बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागच्या बाजूची खिडकी अमुक आकाराची. तीस वर्षं झाली, प्रोसेसर कुठल्या कुठे गेले, पण आज घेतलेला एटीएक्स बोर्ड त्या काळच्या चांगल्या कॅबिनेटमध्ये स्क्रूला स्क्रू लागून बसेल. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं. आपण घरी कॉम्प्युटर जुळवू शकतो ते आपल्या हुशारीमुळे थोडं आणि या मापांमुळे फार.

आपल्याकडे हे वारं पोहोचायला वेळ लागला. आयबीएम तर 1978 मध्येच भारतातून बाहेर पडली होती. 1984 च्या नोव्हेंबरमध्ये नवं संगणक धोरण आलं, आयातीवरची बंधनं आणि कर उतरले, आणि सुटे भाग दिसू लागले. 1991 नंतर ते मुबलक झाले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आधीपासूनच रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मालाचा. तोच आता कॉम्प्युटरचा झाला. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही लॅमिंग्टनच म्हणतात. 1999 मध्ये मी पहिल्यांदा तिथे गेलो तो साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने. मुंबई सेंट्रलच्या आगारात पहाटे उतरलो, दुकानं उघडेपर्यंत बाकावर बसून काढलं, आणि मग चालत गेलो. परत येताना पिशवीत एक सेलेरॉन प्रोसेसर, बोर्ड, 32 एमबी रॅम आणि 4.3 जीबीची हार्ड डिस्क होती. कॅबिनेट मांडीवर घेऊन बसलो होतो. आज तोच माल कुरिअरने दोन दिवसांत घरी येतो. सोय झाली हे खरं, पण लॅमिंग्टनवर दहा दुकानं फिरताना जे शिकायला मिळायचं, एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडे पडताळून पाहायला मिळायचं, ते आता पुस्तकातूनच द्यावं लागणार.

मराठी माणसाने घरात कॉम्प्युटर घ्यायचा तर त्यात मराठी लिहिता यायला हवं, हा माझा हट्ट आहे. यामागचं बरंच काम पुण्यात झालेलं आहे याचा मला अभिमान वाटतो. 1988 मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झालं ते 'परम' महासंगणकासाठी, आणि 1991 मध्ये 'परम 8000' उभाही राहिला. पण घराघरांच्या दृष्टीने तिथल्या जिस्ट गटाचं भारतीय लिप्यांवरचं काम मला त्याहून मोठं वाटतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड 1991 मध्ये भारतीय मानक झाला. आज विंडोज असो की लिनक्स, इनस्क्रिप्ट आत असतोच, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. आठवडाभर रोज अर्धा तास बसलात तर बोटं शिकतात. 2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन निघालं आणि एमएस-सीआयटीच्या निमित्ताने तालुक्या-तालुक्यात लोकांच्या बोटांना कीबोर्ड लागला, पण पेटीच्या आत काय आहे हे बहुतेकांना तेव्हाही कुणी दाखवलं नाही. ती उणीव काही अंशी भरून काढावी, हाही या पुस्तकाचा एक हेतू.

आता विजेबद्दल, कारण माझ्या अनुभवात घरातले निम्मे कॉम्प्युटर विजेपायी मरतात.

भिंतीतून येणारी 230 व्होल्टची वीज कॉम्प्युटरला थेट चालत नाही. त्याला 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा स्थिर डीसी प्रवाह लागतो. हे रूपांतर एसएमपीएस करतो. यादीत तो दिसायला सगळ्यात रटाळ, म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते. पूर्वी तर तो कॅबिनेटसोबत फुकटच मिळायचा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही असे फुकटचे एसएमपीएस लावून दिले. एका जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला, वीज गेली-आली, आणि एका गिऱ्हाइकाकडचा एसएमपीएस फुटला. जाताना हार्ड डिस्कचं सर्किटही घेऊन गेला. त्या डिस्कवर त्यांच्या गेलेल्या वडिलांचे फोटो होते, आणि ते दुसरीकडे कुठेही नव्हते. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. मी घरी आणून तो डबा उघडून पाहिला. वर चिकटवलेल्या कागदावर 450 वॅट, आत बोटाएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि विजेचे झटके अडवणारे भाग जिथे लावायचे तिथे नुसत्या रिकाम्या जागा. त्या दिवसापासून फुकटचा एसएमपीएस मी लावलेला नाही.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी एसएमपीएस ठरवा, मग बाकीचं. ग्राफिक्स कार्ड नसलेला घरगुती कॉम्प्युटर कामात असताना शे-दीडशे वॅटच्या आत राहतो, त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे धावायचं कारण नाही. 450 खऱ्या वॅटचा, 80 प्लसची खूण असलेला आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस चांगल्या मध्यम घराला पुरतो. नंतर कार्ड घालायचं असेल तर 550 किंवा 650 चा घ्या. त्याच्याआधी मात्र घरातलं अर्थिंग वायरमनला बोलावून तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखा करंट जाणवतो, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि कॉम्प्युटर खराब आहे असं समजतात. कॉम्प्युटर बिचारा ठीक असतो. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले छोटे कपॅसिटर विजेतला गोंगाट अर्थिंगकडे सोडत असतात; अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर निम्म्या व्होल्टेजच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण ते लक्षण आहे आणि ते दुर्लक्षू नये. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, हे करू नका.

प्रोसेसरच्या बाबतीत लोक आकड्यांनी भांबावतात, पण घरच्या पहिल्या कॉम्प्युटरसाठी एक अक्षर नीट वाचलं तरी पुष्कळ. नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भाग नाही. तो थोडा स्वस्त पडतो, लोक घेऊन येतात, आणि सगळं जुळवल्यावर पडदा काळाच राहतो, कारण ग्राफिक्स कार्ड घेतलेलंच नसतं. ज्याला कार्ड "नंतर" घ्यायचं आहे त्याने एफ घेऊ नये. एएमडीच्या 'जी' अक्षराच्या प्रोसेसरांत, उदाहरणार्थ रायझन 5 5600जी मध्ये, आतलंच ग्राफिक्स बऱ्यापैकी ताकदीचं असतं आणि सरांसारख्या घराला ते वर्षानुवर्षं पुरतं. त्यांना मी तोच दिला. त्याचं एएम4 सॉकेट 2016 चं, म्हणजे त्या बोर्डावर पुढे फार नवा प्रोसेसर बसणार नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. नवं एएम5 2022 मध्ये आलं. त्याला डीडीआर5 रॅमच लागते आणि एकूण खर्च चढतो. कुणाच्या बजेटला काय शोभतं याचा पूर्ण हिशेब तिसऱ्या प्रकरणात केलाय.

रॅम 16 जीबी घ्यायची असेल तर 16 ची एक पट्टी घेण्याऐवजी आठाच्या दोन घ्या. दोन वाटांनी माल येतो, विशेषतः प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणार असाल तर फरक डोळ्यांना दिसतो, कारण ते स्वतःची वेगळी मेमरी नसल्याने याच रॅमवर जगतं. चार खाचांच्या बोर्डात त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्हींना 288 च टोकं असतात, लांबीही सारखी दिसते, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टी चुकीची आहे.

साठवणुकीला एसएसडीच, यावर आता चर्चा नको. जुनी फिरती डिस्क सेकंदाला शे-दोनशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि बोर्डावर आडवी बसणारी च्युइंगगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई काही हजार. फिरती डिस्क घ्यायची असेल तर फोटोंची दुसरी प्रत ठेवायला घ्या. वरच्या फोटोंची गोष्ट विसरू नका. मॉनिटरवर हात आखडता घेऊ नका, कारण प्रोसेसर बदलेल, बोर्ड बदलेल, पण मॉनिटर दहा वर्षं डोळ्यांसमोर राहणार आहे. कॅबिनेटबद्दल एवढंच, की समोरून हवा आत येऊ द्या. समोर पूर्ण काच असलेली कॅबिनेटं उन्हाळ्यात तापतात.

या पुस्तकात किमती जवळजवळ नाहीत. ही उणीव मी जाणूनबुजून ठेवली आहे. 2011 मध्ये थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि इथे साताऱ्यात डिस्कचा भाव काही आठवड्यांत भडकला. 2020 आणि 2021 मध्ये ग्राफिक्स कार्डं मिळेनात, मिळाली तर दुपटीने. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव चढले. छापलेली किंमत पुस्तक वाचकाच्या हाती पडेपर्यंत खोटी ठरते. त्याऐवजी बजेटचा किती हिस्सा कुठे जावा ते सांगितलंय, आणि एखादा भाग अचानक महागला तर कुठून काढून कुठे घालायचं तेही. पण एक गोष्ट किमतीत धरूनच चला: 18 टक्के जीएसटी भरलेलं पक्कं बिल. बिलाविना मिळणारी सूट ही वॉरंटीची किंमत असते. तयार डेस्कटॉपला सगळ्यासाठी मिळून एकच वॉरंटी मिळते. जुळवलेल्यात प्रत्येक भागाची वेगळी, प्रोसेसरची साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसची पाच-सात. सगळी बिलं आणि डब्यांवरचे सिरीयल नंबर एका फाइलमध्ये लावा. ही फाइल म्हणजे घराच्या कागदपत्रांपैकीच एक समजा.

जुळवणीच्या प्रकरणात फोटो भरपूर आहेत, म्हणून इथे फक्त एका क्षणाबद्दल लिहितो, कारण तिथे सगळ्यांचे हात थरथरतात. प्रोसेसर बसवण्याचा क्षण. एएम5 च्या सॉकेटमध्ये 1718 पिना असतात, केसासारख्या, आणि त्या बोर्डावर असतात. बोर्ड टेबलावर, त्याच्याच खोक्यावर ठेवायचा. लोखंडी दांडी दाबून, बाजूला सरकवून वर घ्यायची, झाकण उघडायचं. प्रोसेसर कडांना धरायचा, त्याच्या कोपऱ्यातला छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणाशी आणायचा आणि सरळ खाली सोडायचा. दाबायचा नाही. तो स्वतःच्या वजनाने बसतो. एकदा बसला की झाकण लावून दांडी परत खाली आणायची, आणि इथे मात्र चांगलाच जोर लागतो, कधी करकर आवाजही येतो. नवशिका नेमकं उलटं करतो: प्रोसेसरला दाबतो आणि दांडीला घाबरतो. आवाज आला तरी चालतं. त्रिकोण जुळला आहे ना, एवढं दोनदा पाहा.

माझी पहिली चूक दुसरीच होती. 1999 च्या त्या पहिल्या कॉम्प्युटरचा बोर्ड आकाराने लहान होता. कॅबिनेटमध्ये मोठ्या बोर्डासाठीची एक पितळी खुंटी आधीच लावलेली होती, ती मी काढली नाही. बोर्डाला त्या जागी भोक नव्हतं. खुंटी मागच्या बाजूच्या टाक्यांना टेकली आणि शॉर्ट झालं. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा फिरायचा आणि थांबायचा. संध्याकाळपासून रात्री एकपर्यंत मी रॅम काढली, घातली, केबली बदलल्या. शेवटी वैतागून बोर्ड बाहेर काढून खोक्यावर ठेवून चालू केला, आणि तो चालला. बोर्ड वाचला हे नशीब. तेव्हापासून कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम एवढंच खोक्यावर मांडून चालू करून बघायची सवय लागली. ती तुम्हीही लावून घ्या. पुस्तकात ही पायरी वेगळ्या रंगाच्या चौकटीत दिली आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी लोक रात्री अकराला फोन करतात. डीडीआर5 रॅम असलेला कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू केला की पडदा काळा राहतो. पंखे फिरतात, दिवा लागतो, चित्र येत नाही. बोर्ड त्या वेळी रॅमशी आपला ताळमेळ बसवत असतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. घाबरून बटण बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. चहा ठेवा, पिऊन या. तरीही काळाच असेल तर मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही.

सगळ्यांनीच कॉम्प्युटर जुळवावा असं मी म्हणत नाही. शिक्षणासाठी खोल्या बदलत फिरणाऱ्या मुलाला लॅपटॉपच बरा. घरात वृद्ध माणसं एकटी राहत असतील आणि जवळ निस्तरणारं कुणी नसेल तर एकाच वॉरंटीचा तयार डेस्कटॉप घ्या. जुना सेकंडहँड माल स्वस्तात मिळतो, पण विंडोज 10 ला मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे आणि विंडोज 11 बऱ्याच जुन्या प्रोसेसरांना घेत नाही, हे ध्यानात ठेवूनच हात घाला. तिथे लिनक्स उत्तम चालतं. चोरीची विंडोज टाकून देणारे जागोजागी भेटतील. त्यांना नाही म्हणा.

पण ज्या घरात एक टेबल आहे, एक चांगला प्लग आहे आणि शिकायला उत्सुक असलेलं एक माणूस आहे, त्या घराने हे जरूर करावं. ते माणूस बारा वर्षांचं असो की बासष्टचं. गेल्या दिवाळीत ती मुलगी पुन्हा दुकानात आली होती. आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता. पाकिटातून तिने तीन वर्षांपूर्वीचा तोच कागद काढला, घड्यांवर फाटत आलेला, आणि उजव्या बाजूच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मी कार्ड काढून दिलं आणि विचारलं, "बसवून देऊ?" "नको काका," ती म्हणाली, "दार मीच उघडते." एसएमपीएसला जादा वायर आहे की नाही, एवढंच तिने विचारलं. होती.

हे पुस्तक मी एकट्याने लिहिलेलं नाही. पंचवीस वर्षांत ज्यांनी आपल्या घरातल्या अडचणी माझ्यापुढे मोकळेपणाने मांडल्या त्या सगळ्या गिऱ्हाइकांचा, लॅमिंग्टनवर नवख्या पोराला उभं करून शिकवणाऱ्या दुकानदारांचा आणि प्रत्येक प्रकरण वाचून "हे मला कळलं नाही" असं स्पष्ट सांगणाऱ्या माझ्या पत्नीचा यात वाटा आहे. तिला जे कळलं नाही ते मी पुन्हा लिहिलं.

वाचकांना एक विनंती. पहिलं प्रकरण वाचून झालं की लगेच दुकानात जाऊ नका. एक कोरा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा आणि रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना त्याभोवती बसवा. आणि पुस्तकात कुठे काही चुकलेलं आढळलं, एखादी पायरी तुमच्या बोर्डाला लागू पडली नाही, तर मला जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करेन.

सातारा